थायरॉइड काढलं, पुढचा खर्च किती? खडकीकरांसाठी हिशोब

थायरॉइडच्या कॅन्सरचं ऑपरेशन पार पडलं की घर सुटकेचा निःश्वास टाकतं, आणि ते योग्यच आहे. या कॅन्सरचे सर्वांत जास्त आढळणारे दोन प्रकार, पॅपिलरी आणि फॉलिक्युलर, वेळेत उपचार झाले तर बहुतेक रुग्णांना पुढे कित्येक दशकं जगू देतात. पण तितकी दशकं फॉलोअपही चालतो, आणि त्याचा हिशोब कुणी आधी करून ठेवत नाही. ऑपरेशनचं बिल एकदाच येतं. ते मोठं असतं म्हणून त्यासाठी योजना, मेडिक्लेम, फॅक्टरीचं रेफरल, नातेवाइकांची मदत असं सगळं उभं राहतं. नंतरची रोजची गोळी, सहा महिन्यांनी होणारी रक्ततपासणी, गळ्याची सोनोग्राफी आणि डॉक्टरांची फी मात्र गुपचूप स्वतःच्या खिशातून जाते.

हा खर्च दोन प्रकारे अंगाशी येतो. काही घरांत ‘आता बरं आहे’ म्हणून तपासण्या राहून जातात. काही घरांत भीतीपोटी नको त्या तपासण्या होतात आणि जी करायला हवी तीच यादीत नसते. खडकीत राहणाऱ्या माणसाने पैसे कुठे घालावेत, कुठे वाचवावेत आणि कोणत्या खिडकीवर आधी जावं, ते इथे सांगतो. रकमा पुण्यातल्या खाजगी लॅब आणि दवाखान्यांच्या ढोबळ अंदाजाने दिल्या आहेत. दर लॅबनुसार बरेच बदलतात, म्हणून जायच्या आधी फोन करून विचाराच.

रिपोर्टवरचं ‘नॉर्मल’ तुमच्यासाठी नाही

खर्चाच्याही आधी ही गोष्ट समजून घ्यायला हवी, कारण पैसे इथेच वाया जातात आणि धोकाही इथेच आहे.

थायरॉइड पूर्ण काढलेल्या माणसाच्या रक्तात थायरॉग्लोब्युलिन हे प्रथिन जवळपास नसायला हवं. ते फक्त थायरॉइडच्या पेशी बनवतात, साध्या आणि कॅन्सरच्या दोन्ही. ग्रंथी गेल्यावर ते वाढू लागलं तर कुठेतरी पेशी शिल्लक आहेत किंवा परत आल्या आहेत, असा संशय घ्यावा लागतो. लॅबच्या कागदावर छापलेली ‘नॉर्मल’ मर्यादा मात्र ज्यांची थायरॉइड जागेवर आहे अशा लोकांची असते. त्यामुळे थायरॉग्लोब्युलिन १० आलं तरी कागद ‘नॉर्मल’ म्हणतो, आणि घरचे पेढे वाटतात. ज्यांची ग्रंथी काढली आहे आणि किरणोत्सारी आयोडीनचा डोसही झाला आहे, त्यांच्यात गोळी चालू असताना हा आकडा ०.२ नॅनोग्रॅम प्रति मिलीपेक्षा कमी असणं, सोनोग्राफी स्वच्छ असणं आणि थायरॉग्लोब्युलिनविरोधी अँटिबॉडी नसणं, याला डॉक्टर उत्तम प्रतिसाद मानतात. १० हा आकडा त्यापासून फार लांब आहे.

टीएसएच या थायरॉइडला चालना देणाऱ्या संप्रेरकाच्या बाबतीत उलटं घडतं. कॅन्सर परत येण्याचा धोका जास्त असेल तर डॉक्टर मुद्दाम जास्त ताकदीची गोळी देऊन टीएसएच ०.१ च्या खाली ठेवतात. मध्यम धोक्यात तो साधारण ०.१ ते ०.५ आणि कमी धोक्यात ०.५ ते २ च्या आसपास ठेवायचा असतो. रिपोर्टवर ०.२ हा आकडा ठळक अक्षरांत ‘कमी’ म्हणून छापून येतो. तो घेऊन तुम्ही जवळच्या दवाखान्यात गेलात आणि तिथल्या डॉक्टरांना ऑपरेशनची माहिती नसली तर ते चांगल्या मनानेच गोळी कमी करतात. मग सहा महिन्यांची मेहनत वाया जाते आणि नव्या तपासण्यांचा खर्च वाढतो तो वेगळाच. यावर उपाय फुकटचा आहे. ऑपरेशन करणाऱ्या किंवा फॉलोअप बघणाऱ्या डॉक्टरांकडून केसपेपरवर एक ओळ लिहून घ्या: ‘टीएसएचचं लक्ष्य अमुक ते अमुक.’ तो कागद प्रत्येक वेळी सोबत ठेवा. ज्यांनी ही ओळ लिहून घेतली नाही त्यांनी पुढच्या भेटीत पहिली हीच मागावी.

हे लक्ष्यही कायमचं नसतं. टीएसएच वर्षानुवर्षं फार खाली राहिला तर हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात आणि हाडं ठिसूळ होतात. पाळी गेलेल्या बायकांना हा त्रास जास्त होतो. म्हणून दर वर्षी डॉक्टरांना विचारायला हवं, ‘आता गोळी थोडी सैल करता येईल का?’ पाच वर्षं सगळं स्वच्छ असलेल्या रुग्णाला पहिल्या वर्षीच्या ताकदीची गोळी सहसा लागत नाही.

गोळी

लेव्होथायरॉक्सिन हा या सगळ्यातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत महत्त्वाचा खर्च आहे. हे औषध अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत असल्याने त्याच्या किमतीवर सरकारी मर्यादा आहे. थायरोनॉर्म, एल्ट्रॉक्सिन, थायरॉक्स ही दुकानात सर्रास मिळणारी नावं. बाटलीत बहुधा १०० किंवा १२० गोळ्या असतात. ताकदीप्रमाणे एका गोळीला साधारण दीड ते अडीच रुपये पडतात, म्हणजे वर्षाचा खर्च हजार रुपयांच्या आत.

इथे दहा-वीस रुपये वाचवायला जाऊ नका. दर महिन्याला जो ब्रँड मिळेल तो घेतला तर टीएसएच हलतो, आणि तो कशामुळे हलला ते शोधायला पुन्हा रक्त द्यावं लागतं. एकाच कंपनीची गोळी कायम ठेवा. नाइलाजाने बदललीच तर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच करा. गोळी सकाळी उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर घ्यायची, आणि चहा-नाश्ता अर्ध्या ते एका तासाने. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी आणि ही गोळी यांच्यात चार तासांचं अंतर हवं. ऑपरेशननंतर पुष्कळांना दोन्ही गोळ्या एकाच वेळी सुरू होतात आणि घाईत एकत्र घेतल्या जातात. मग थायरॉइडची गोळी नीट शोषली जात नाही, डॉक्टर ताकद वाढवतात, आणि कुणाच्या लक्षात येत नाही की गोंधळ फक्त वेळेचा होता. बाटली स्वयंपाकघरात गॅसजवळ किंवा खिडकीत उन्हात ठेवू नका. उष्णता आणि ओल दोन्हींनी ही गोळी खराब होते. पुण्याचा एप्रिल आणि जुलै दोन्ही तिला मानवत नाहीत.

रक्त देताना

डोस बदलल्यानंतरचा टीएसएच सहा ते आठ आठवड्यांनीच करावा. त्याआधी केला तर पैसे वाया, कारण शरीर तोवर नव्या डोसला स्थिरावलेलं नसतं. टीएसएचला खाजगी लॅबमध्ये साधारण २०० ते ४०० रुपये लागतात. ‘थायरॉइड प्रोफाइल’ या नावाखाली टी३, टी४ मिळून जास्त पैसे घेतले जातात. स्थिर रुग्णाला दर वेळी टी३ ची गरज नसते. चिठ्ठीवर डॉक्टरांनी फक्त टीएसएच लिहिलं असेल तर काउंटरवर ‘पॅकेज स्वस्त पडेल’ ऐकून ते वाढवू नका.

थायरॉग्लोब्युलिन आणि अँटि-थायरॉग्लोब्युलिन अँटिबॉडी या दोन तपासण्यांना प्रत्येकी साधारण हजार ते दोन हजार रुपये पडतात. त्या एकाच रक्तातून, एकाच वेळी करायच्या. फक्त पहिली करून पैसे वाचवण्यात अर्थ नाही. या कॅन्सरच्या सुमारे २० ते २५ टक्के रुग्णांच्या रक्तात या अँटिबॉडी असतात, आणि त्या असल्या की थायरॉग्लोब्युलिनचा आकडा फसवा, कमी दिसतो. अशा रुग्णांत डॉक्टर अँटिबॉडीच वर्षानुवर्षं घटतेय की वाढतेय ते पाहतात.

आकड्याची वर्षावर्षांची चाल महत्त्वाची असल्याने लॅब आणि तपासणीची पद्धत तीच हवी. वेगवेगळ्या यंत्रांवर एकाच रक्ताचे आकडे वेगळे येतात. ‘बाजारातली लॅब बंद होती म्हणून यंदा दुसरीकडे केलं’ या एका कारणाने घरात महिनाभर काळजी शिरते. लॅब निवडताना पहिला प्रश्न विचारा, ‘तुमचा रिपोर्ट किती खालपर्यंत मोजतो?’ काही यंत्रं १ च्या खाली नीट मोजत नाहीत, चांगली यंत्रं ०.१ किंवा ०.२ पर्यंत मोजतात. आपल्याला दुसऱ्या प्रकारची हवी, मग ती दोनशे रुपयांनी महाग असली तरी. केसांसाठी किंवा नखांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर रक्त देण्याच्या दोन-तीन दिवस आधी डॉक्टरांना विचारून बंद ठेवा. बायोटिनमुळे हे आकडे चुकतात. रक्त देण्याच्या दिवशी थायरॉइडची गोळी रक्त दिल्यावर घ्या.

ज्यांची अर्धीच ग्रंथी काढली आहे, त्यांच्यात थायरॉग्लोब्युलिनचा उपयोग मर्यादित असतो, कारण उरलेली अर्धी ते बनवतच असते. त्यांनी हा खर्च करण्याआधी डॉक्टरांना स्पष्ट विचारावं. आणि मेड्युलरी हा वेगळा, कमी आढळणारा प्रकार असेल तर थायरॉग्लोब्युलिन अजिबात कामाचं नाही. तिथे कॅल्सिटोनिन आणि सीईए पाहतात, आयोडीनचा डोसही चालत नाही, आणि तो काही घरांत आनुवंशिक असल्याने भावंडांची तपासणीही विचारात घ्यावी लागते. कागदावर प्रकाराचं नाव काय आहे, ते रुग्णालाही पाठ असावं.

सोनोग्राफी आणि मोठे स्कॅन

गळ्याची सोनोग्राफी ऑपरेशननंतर सहा ते बारा महिन्यांनी आणि पुढे डॉक्टर सांगतील तशी करतात. खर्च साधारण १,२०० ते २,५०० रुपये. पोटाची सोनोग्राफी रोज करणारे केंद्र आणि थायरॉइड काढलेल्या गळ्यातल्या लिम्फ नोड वेचून पाहणारे तज्ज्ञ यांत फरक आहे. या तपासणीची किंमत त्या नजरेत आहे, म्हणून सर्जनना विचारा, ‘कुणाकडे करू?’ आणि दर वेळी मागचे रिपोर्ट घेऊन जा.

पेट-सीटीवर मात्र माझं स्पष्ट मत आहे. ‘सगळं अंग एकदा बघून घ्यावं’ म्हणून दहा-वीस हजारांचा पेट-सीटी करणं पॅपिलरी कॅन्सरच्या बहुतेक रुग्णांसाठी पैशांचा अपव्यय आहे. हा कॅन्सर पुष्कळदा पेटमध्ये उठून दिसत नाही. थायरॉग्लोब्युलिन बरंच वाढलंय आणि आयोडीन स्कॅनमध्ये मात्र काही सापडत नाही, अशा वेळीच तो उपयोगी पडतो. तसंच, कमी धोक्याच्या रुग्णाचं थायरॉग्लोब्युलिन न मोजता येण्याइतकं कमी असेल आणि सोनोग्राफी स्वच्छ असेल तर दर वर्षी पूर्ण शरीराचा आयोडीन स्कॅन करायची गरज नसते. कुणी सुचवलाच तर नम्रपणे विचारा, ‘याने उपचारात काय बदल होईल?’

आयोडीनचा डोस: हवा का, किती, आणि घरी परतताना

सर्वांत मोठा खर्च इथे असतो, आणि इथे प्रश्न विचारले तर खरेच पैसे वाचतात. १५-२० वर्षांपूर्वी थायरॉइड काढलेल्या जवळपास प्रत्येकाला किरणोत्सारी आयोडीन दिलं जाई. २०१२ मध्ये ब्रिटन आणि फ्रान्समधल्या दोन मोठ्या अभ्यासांनी दाखवलं की कमी ते मध्यम धोक्याच्या रुग्णांत शिल्लक ऊती नष्ट करायला ३० मिलिक्युरीचा डोस १०० इतकाच परिणामकारक ठरतो. मग २०२२ मध्ये फ्रान्समधल्या ‘एस्टिमाबल-२’ या अभ्यासात ७७६ रुग्ण घेतले गेले. गाठ २ सेंटिमीटर किंवा लहान आणि लिम्फ नोडमध्ये प्रसार नाही, असे हे रुग्ण होते. तीन वर्षांनी आयोडीन घेतलेल्यांत ९५.९ टक्के आणि न घेतलेल्यांत ९५.६ टक्के लोक ठणठणीत होते. म्हणजे अशा रुग्णाला आयोडीन न दिल्याने काही बिघडलं नाही. जास्त धोक्याच्या रुग्णाला मात्र ते नक्की हवं, आणि तिथे खर्चाकडे पाहून टाळू नये. आपण कोणत्या गटात आहोत, हे डॉक्टरांकडून गाठीचा आकार आणि बायोप्सी रिपोर्ट समोर ठेवून समजून घ्यायचं.

डोस साधारण ३० मिलिक्युरीच्या वर गेला की खास आयसोलेशन खोलीत राहावं लागतं, आणि बिल बरंचसं त्या खोलीचं असतं. औषध, खोली आणि नंतरचा स्कॅन मिळून किती, असं एकत्र विचारा; तुकड्यातुकड्यांनी सांगितलेला आकडा नेहमी कमी वाटतो. पर्याय म्हणून परळला टाटा मेमोरियलच्या आवारात भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर आहे. १९६३ साली सुरू झालेलं हे केंद्र या कामात देशात अग्रगण्य आहे, आणि महाराष्ट्रातून थायरॉइडचे रुग्ण तिथे जात आले आहेत. सोबतच्या माणसाच्या राहण्यासाठी परळची नाना पालकर स्मृती समिती आणि दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा यांकडे आधी चौकशी करावी. रेल्वे कॅन्सर रुग्णाला उपचार आणि नियमित तपासणीच्या प्रवासात स्लीपर आणि थ्री-टियर एसीत पूर्ण भाडं माफ करते, सोबत्याला त्या दोन वर्गांत ७५ टक्के सूट मिळते. त्यासाठी हॉस्पिटलचं ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं. एसटीने जाणाऱ्या बायकांना तिकीट तसंही निम्मंच पडतं.

डोसच्या आधी दोन गोष्टींचा खर्च धरावा लागतो. पहिली, गोळी तीन-चार आठवडे थांबवून टीएसएच ३० च्या वर जाऊ द्यायचा असतो. त्या काळात अंग जड होतं, झोप येते, थंडी वाजते. रोजंदारीवर किंवा मशीनवर काम करणाऱ्याचे दिवस बुडतात. गोळी न थांबवता टीएसएच वाढवणारं इंजेक्शन आहे, पण ते आयात होतं आणि फार महाग असल्याने आपल्याकडे क्वचित वापरतात. दुसरी, एक-दोन आठवडे आयोडीन कमी असलेला आहार. मासळी, दूध, अंडी आणि आयोडीनयुक्त मीठ टाळायचं. सैंधव म्हणून विकलं जाणारं काही मीठही आयोडीन घातलेलं असतं, पाकिटावर वाचूनच घ्या. मध्येच कुणी कॉन्ट्रास्ट घालून सीटी स्कॅन सुचवला तर आधी न्यूक्लिअर मेडिसिनच्या डॉक्टरांना कळवा. त्या कॉन्ट्रास्टमध्ये आयोडीन असतं आणि डोस कित्येक आठवडे पुढे ढकलावा लागतो.

घरी आल्यावर काही दिवस लहान मुलं आणि गर्भवती यांच्यापासून अंतर ठेवायचं असतं. किती दिवस, ते डोसवर ठरतं आणि हॉस्पिटल लिहून देतं. खडकी बाजारातल्या एका खोलीच्या घरात किंवा फॅक्टरीच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये, जिथे संडास सामायिक आहे, तिथे हे अंतर कसं ठेवायचं? हा प्रश्न डिस्चार्जच्या दिवशी विचारू नका, तारीख घेण्याआधीच विचारा. कुणी मुलांना आत्याकडे आठवडाभर पाठवतं, कुणी हॉस्पिटलजवळ एक खोली घेतं. त्याचा खर्चही बजेटमध्ये असायला हवा. हॉस्पिटलला घराची खरी परिस्थिती सांगितली तर ते जास्त दिवस ठेवून घेऊ शकतात. लाजून लपवू नका.

मुंग्या आणि आवाज

ग्रंथी काढताना तिच्या मागच्या चार छोट्या पॅराथायरॉइड ग्रंथींना धक्का बसू शकतो. मग कॅल्शियम उतरतं, ओठांभोवती आणि बोटांत मुंग्या येतात. बहुतेकांचं काही आठवड्यांत सुधारतं, काहींना कॅल्शियम आणि कॅल्सिट्रायॉल कायम घ्यावं लागतं आणि त्यावर महिन्याला काहीशे रुपये जातात. रक्तातलं कॅल्शियम तपासायला फक्त १५०-३०० रुपये लागतात. मुंग्या वाढल्या, हात वाकडे होऊ लागले, तर तपासणीची वाट न बघता इमर्जन्सीत जायचं. आवाज घोगरा राहिला असेल तर तीन महिन्यांत कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवावं. उशीर झाला की सुधारणा अवघड होते.

वर्षाचं बजेट

आयोडीनचा डोस सोडून, कमी धोक्याच्या रुग्णाचं पहिलं वर्ष असं धरता येईल. डॉक्टरांच्या तीन भेटी हजार रुपयांच्या हिशोबाने ३,०००, थायरॉग्लोब्युलिन आणि अँटिबॉडी दोनदा मिळून ५,०००, टीएसएच चार वेळा १,२००, गळ्याची सोनोग्राफी दोनदा ३,६००, गोळी ८००. एकूण १३,६००, म्हणजे महिन्याला साधारण ११३० रुपये. पुढे सगळं स्थिर झालं की एक भेट, एकदा थायरॉग्लोब्युलिनची जोडी, दोनदा टीएसएच, एक सोनोग्राफी आणि गोळी मिळून वर्षाला सुमारे ६,७०० रुपये येतात. महिन्याला ५५०-६०० रुपये बाजूला टाकले तर तपासणीचा महिना आल्यावर हात आखडत नाही. पोस्टात किंवा बँकेत वेगळं आवर्ती खातं उघडावं आणि ते दुसऱ्या कशाला हात लावू न देता ठेवावं.

खडकीतून कोणत्या वाटेने

खडकीत उपचाराच्या वाटा पुण्याच्या इतर भागांपेक्षा वेगळ्या आहेत, कारण १८६९ पासूनची ॲम्युनिशन फॅक्टरी, हाय एक्स्प्लोझिव्हज फॅक्टरी आणि लष्करी आस्थापनांमुळे घराघरांतली ओळखपत्रं वेगळी आहेत. लष्करात असलेले आणि त्यांचे कुटुंबीय खडकीच्या मिलिटरी हॉस्पिटलमधून वानवडीच्या कमांड हॉस्पिटलकडे पाठवले जातात. तिथे कॅन्सरसाठी वेगळं केंद्र आहे. माजी सैनिकांनी ईसीएचएस पॉलिक्लिनिकमधून रेफरल घेऊन संलग्न हॉस्पिटलात जावं आणि रोजची गोळीही पॉलिक्लिनिकमधूनच मागावी. ती बाहेरून विकत घेणारे बरेच आहेत. फॅक्टरीतल्यांनी फॅक्टरी हॉस्पिटलच्या रेफरलशिवाय खाजगी तपासणी केली तर परतावा अडतो. केंद्र सरकारच्या निवृत्तांना सीजीएचएसमध्ये ७० वर्षांनंतर संलग्न हॉस्पिटलात थेट जाता येतं, आणि कॅन्सरच्या उपचारानंतरच्या फॉलोअपला दर वेळी नवीन रेफरल लागू नये असा नियम आहे. वेलनेस सेंटरवर त्याचाच उल्लेख करून विचारा.

यांपैकी काहीच नसेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने ती आठ जिल्ह्यांत सुरू झाली. आता ती सर्व रेशनकार्डधारकांना लागू आहे आणि कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण देते. लक्षात ठेवायची बाब अशी की ही योजना कॅशलेस आहे. आधी पैसे भरून नंतर परतावा मिळत नाही. बाहेरच्या लॅबमधली तपासणी तिच्यात बसत नाही. मूळ योजनेत उपचारांबरोबर १२१ फॉलोअप पॅकेजेस होती. म्हणून ऑपरेशन याच योजनेत झालं असेल तर डिस्चार्जच्या आधी हॉस्पिटलमधल्या योजनेच्या आरोग्यमित्राला विचारा, ‘माझ्या ऑपरेशनचं फॉलोअप पॅकेज आहे का, त्यात किती भेटी आणि कोणत्या तपासण्या?’ हेल्पलाइन १५५३८८ आणि १८०० २३३ २२०० आहे. ७० वर्षांवरच्यांना उत्पन्नाची अट नसलेलं आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सुरू झालेली ही सोय मुख्यतः दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठी आहे. बाहेरच्या बाह्यरुग्ण तपासणीचा खर्च त्यातून निघेल अशी अपेक्षा ठेवू नका.

धर्मादाय हॉस्पिटलांत दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात राखीव असतात. वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर पहिल्या गटात, ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुसऱ्या गटात बसता. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड घेऊन समाजसेवा अधिकाऱ्यांकडे जायचं. दाखला नवा हवा, म्हणून ऑपरेशनची तारीख ठरली की त्याच आठवड्यात अर्ज टाका.

खडकी कॅन्टोन्मेंटचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर रुग्णालय अगदी दारात आहे. गोळीची चिठ्ठी, रक्तदाब, किरकोळ आजार यांसाठी तिथे जावं. थायरॉग्लोब्युलिनसारख्या खास तपासणीसाठी मात्र औंधचं जिल्हा रुग्णालय, ससून किंवा खाजगी लॅब. २०२५ मध्ये खडकीचं मेट्रो स्टेशन सुरू झाल्याने येणं-जाणं बरंच सोपं झालंय. ससूनला जायचं तर सिव्हिल कोर्टला गाडी बदलून पुणे रेल्वे स्टेशनला उतरावं. रुबी हॉलच्या नावाचं तर स्वतंत्र स्टेशनच आहे. पिंपरीच्या वायसीएम हॉस्पिटलसाठी उलट दिशेने संत तुकाराम नगर. रिक्षाला जे पैसे जातात त्याच्या तुलनेत मेट्रोचं भाडं किरकोळ आहे, आणि थकलेल्या माणसाला बसायला जागा मिळते, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

मेडिक्लेम असेल तर पॉलिसीत ‘हॉस्पिटलनंतरचा खर्च’ किती दिवसांचा आहे ते बघा. बहुतेक ठिकाणी ६० किंवा ९० दिवस असतात. पहिला टीएसएच आणि थायरॉग्लोब्युलिन त्या मुदतीत बसवता येतात, पावती आणि चिठ्ठी मात्र जपून ठेवायची. खाजगी नोकरीत पगार २१ हजारांपर्यंत असेल आणि ईएसआयची वर्गणी कापली जात असेल तर मोहननगर-चिंचवडचं ईएसआय हॉस्पिटल ही पहिली पायरी आहे. आयकर भरणाऱ्यांना जुन्या करप्रणालीत कलम ८०डीडीबीखाली कॅन्सरच्या उपचारावर ४० हजारांपर्यंत, ज्येष्ठ नागरिकाच्या उपचारावर एक लाखापर्यंत वजावट मिळते. त्यासाठी तज्ज्ञ डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं.

कागद

बायोप्सीचा अंतिम रिपोर्ट, ऑपरेशन नोट, आयोडीन दिलं असेल तर किती मिलिक्युरी आणि कोणत्या तारखेला, आणि आजवरचे सगळे थायरॉग्लोब्युलिनचे आकडे तारखेसह एका कागदावर: इतकी एक फाइल घरात हवी, आणि तिचे फोटो घरातल्या दोन माणसांच्या मोबाइलवर. डॉक्टरांनी कागदपत्रं किमान तीन वर्षं जपून ठेवावीत आणि मागितल्यावर ७२ तासांत द्यावीत, असा वैद्यकीय परिषदेचा २००२ चा नियम आहे. तीन वर्षांनंतर ती तिथे सापडतीलच असं नाही, आणि या कॅन्सरचा फॉलोअप तर त्याच्या कितीतरी पुढे जातो. म्हणून ऑपरेशन झालेल्या हॉस्पिटलात अजून अर्ज दिला नसेल तर पुढच्या भेटीला जाताना तो लिहूनच न्या: नाव, नोंदणी क्रमांक, ऑपरेशनची तारीख, आणि बायोप्सीच्या स्लाइड व ब्लॉकसह सर्व कागदपत्रांच्या प्रती मिळाव्यात ही विनंती. पोच घ्यायला विसरू नका.